साडेसोळा इंची नळी आणि खोक्यावरचा आकडा

भाच्याने प्रश्न टाकला तो पोह्यांच्या बशीवरची मान न उचलता. "मामा, साडेसोळा इंची नळीची रायफल घेतोय. काडतूस कोणतं घेऊ?"

मी महूला सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी केली. नात्यातली मुलं जगात कुठेही गेली तरी हत्याराबद्दलचा प्रश्न फिरून इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरीच येतो. बहुतेक प्रश्नांना दोन वाक्यांत उत्तर देता येतं. या प्रश्नाने मात्र आम्हा तिघांना, म्हणजे मला, भाच्याला आणि भाचेसुनेला, दोन आठवडे गुंतवून ठेवलं. निवड नीट झाली, तरी पुढे एक चूक झाली आणि त्या चुकीत माझा वाटा मोठा आहे. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ती बंद आहे हेच योग्य, असं माझं मत आहे. भाचा राहतो टेक्ससमध्ये, सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला. तिथली रानडुकरं मूळची तिथली नाहीत. स्पॅनिश लोकांनी आणलेली डुकरं रानात सुटली, पुढे त्यांच्यात युरोपी रानडुकरं मिसळली आणि आता ती रातोरात शेत उकरून टाकतात. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, त्यांना वर्षभर मारता येतं. हरणांचा हंगाम वेगळा, तो नोव्हेंबरात सुरू होतो. भाच्याच्या एका सहकाऱ्याची तिथे जमीन आहे. एच-वन-बी व्हिसावर असताना भाच्याने बंदुकीला हात लावला नव्हता. तशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकी कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना असेल तर सवलत मिळते, पण त्याला त्या वाटेने जायचं नव्हतं. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हाच त्याने रायफलचा विषय काढला.

गच्चीवरचा बांबू

आखूड नळी कशासाठी हवी, हे मी पहिल्यांदा विचारलं. नुसती हौस असती तर मी विषय तिथेच मिटवला असता.

तिथली मचाण म्हणजे प्लायवूडची खोली. जमिनीपासून उंच, आत जेमतेम दोन खुर्च्या, चारही बाजूंना आडव्या खिडक्या. सहकाऱ्याची रायफल .२७० विंचेस्टरची, नळी २४ इंची. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे वळताना नळी चौकटीवर आपटते आणि तो आवाज ऐकून कळप पसार होतो. त्यात भाच्याला नळीच्या तोंडावर सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लावायचा होता, म्हणजे आणखी सात इंच.

मी दोघांना गच्चीवर नेलं. खडूने चार बाय सहा फुटांचा चौकोन आखला, दोन खुर्च्या मांडल्या आणि कपडे वाळत घालायच्या बांबूंचे तीन तुकडे कापले. पहिला ४२ इंचांचा: २२ इंची नळीच्या साध्या रायफलची एकूण लांबी. दुसरा ४९चा: तीच रायफल, सप्रेसरसकट. तिसरा साडेत्रेचाळीसचा: साडेसोळा इंची नळीची रायफल, सप्रेसरसकट. भाचेसून खुर्चीत बसून एकेक तुकडा खांद्याला लावून वळून बघत होती. ४९ इंचांचा तुकडा दर वेळी 'भिंती'बाहेर जात होता. साडेत्रेचाळीसचा आणि ४२चा यांत तिला फारसा फरक जाणवला नाही. म्हणजे आखूड नळी घेऊन त्यांना छोटी रायफल मिळणार नव्हती, सप्रेसर लावूनही नेहमीएवढी रायफल मिळणार होती. गरज खरी निघाली.

मग भाच्याच्या मनात आलं, नळी सोळाच्याही खाली का नेऊ नये? अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल फेडरल कायद्याखाली वेगळी नोंदवावी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, म्हणून अनेकांना आता तो मोह होतो. पण नोंदणी सुटलेली नाही, आणि अशी रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी लेखी मंजुरी लागते. आणखी काही इंच वाचवण्यासाठी हा व्याप मला पटला नाही. ही लांबी मोजतात कशी तेही सांगतो, कारण इथे लोक चुकतात. बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, बंद करून नळीच्या तोंडातून काठी आत सोडायची, ती बोल्टच्या तोंडाला टेकली की तिथून नळीच्या तोंडापर्यंतचं माप घ्यायचं. काडतूस बसतं ती जागा, म्हणजे चेंबर, या मापातच येते.

आणि माळव्यातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे असलेल्या बंदुकीची नळी कापून आखूड करायची तर १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून नळीला करवत लावता येत नाही. गावातल्या लोहाराकडून तर नाहीच नाही.

"नळी छोटी, म्हणून काडतूस मोठं"

भाच्याने तीन नावं आणली होती. मित्र म्हणत होते ६.५ क्रीडमूर. दुकानदार म्हणाला .३०० ब्लॅकआउट. आणि त्याचं स्वतःचं मन होतं .३०० विंचेस्टर मॅग्नमवर. "नळी आखूड झाली की वेग कमी होणार ना मामा? मग तेवढी भरपाई मोठ्या काडतुसाने करायची." ऐकायला हा हिशोब अगदी सरळ वाटतो, पण तो उलटा आहे. का उलटा, ते समजलं की निम्मं काम होतं.

काडतुसाच्या पितळी केसात, म्हणजे कवचात, दारू असते. ती पेटली की वायू होतो, वायू फुगत जातो आणि गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत वायूला फुगायला जेवढी जागा मिळेल तेवढं काम तो गोळीवर करतो. उरलेला दाब तोंडातून आवाज आणि जाळ होऊन बाहेर पडतो. म्हणून एक साधं गुणोत्तर काढायचं: केसातली जागा अधिक गोळी धावते तेवढी नळीतली जागा, भागिले केसातली जागा. गुणोत्तर मोठं, तर दारूचा उपयोग पुरा. लहान, तर दारू वाया.

भाचेसुनेने वहीत आकडे मांडले. तुलनेला आधी .३०८ विंचेस्टर घेतलं. त्याच्या केसात ५६ ग्रेन (गोळी-दारूच्या वजनाचं छोटं माप) पाणी मावतं, म्हणजे साधारण ३.६ घन सेंटिमीटर. साडेसोळा इंची नळीत केसाचे दोन इंच वजा केले की गोळीला साडेचौदा इंच धाव उरते. तेवढ्या नळीत साडेसतरा घन सेंटिमीटर जागा. गुणोत्तर आलं ५.८. तेच २४ इंची नळीत आठाच्या थोडं वर जातं. मग बाकीच्यांचं काढलं. .३०० विंचेस्टर मॅग्नम: केस प्रचंड, नळीचं भोक तेवढंच, शिवाय केसच अडीच इंचांहून लांब, त्यामुळे गोळीची धाव आणखी कमी. गुणोत्तर चारच्याही खाली. .२४३ विंचेस्टर: केस .३०८चाच, मान आवळून भोक बारीक केलेलं, जेमतेम ४. ६.५ क्रीडमूर ४.८. ७ एमएम-०८, हाही .३०८च्या केसापासून बनवलेला, ५.३. आणि .३०० ब्लॅकआउट? बारा.

ही सगळी ढोबळ गणितं आहेत. गोळी केसात किती खोल बसते, नळीतल्या आट्यांनी किती जागा खाल्ली, ते धरलं की दशांशात फरक पडेल. पण क्रम बदलत नाही. मॅग्नम सगळ्यात खाली आहे आणि लहान केसाची, जाड भोकाची काडतुसं वर आहेत. १८० ग्रेनची गोळी .३०० मॅग्नमच्या २४ इंची नळीतून सेकंदाला २,९६० फुटांनी सुटते. साडेसोळा इंचांत ती २,७००च्या थोडी वर राहील. म्हणजे मॅग्नमची दारू जाळून, मॅग्नमचा धक्का खाऊन हाती येणार तो .३०-०६ या मॅग्नम नसलेल्या काडतुसाचा वेग.

हे गणित मी कागदावर नंतर शिकलो. आधी शिकलो ते कानांनी. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या स्टोअरमध्ये जुन्या .३०३ जंगल कार्बाइन होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून बनवलेल्या ली-एनफिल्ड नंबर ५. मूळ रायफल नऊ पौंडांच्या आसपास, ही सातच्या. नळी २५ इंचांवरून १९च्या आत आणलेली, तोंडावर जाळ लपवायला लोखंडी शंकू, दस्त्याच्या टोकाला रबराचा पॅड, तोही इतका अरुंद की धक्का खांद्यावर पसरण्याऐवजी एकाच जागी रुते. काडतूस मात्र तेच, लांब नळीसाठीचं. एका पावसाळी दुपारी रेंजवर मी तिच्यातून दहा राऊंड चालवले आणि संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत राहिली. तेव्हा कानाला कापूस लावायचीही पद्धत नव्हती. आजही डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं.

आखूड नळीची शिकारी रायफल ही काही नवी कल्पना नाही. ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या कारखान्यात १९०३ साली निघालेल्या मानलिखर-शोनावर कार्बाइनची नळी ४५० मिलिमीटरची, म्हणजे पावणेअठरा इंचांहून किंचित कमी. काडतूस ६.५ बाय ५४, गोळी १६० ग्रेनची लांब आणि बोथट नाकाची. वेग आजच्या मानाने मामुली. त्या कारागिरांनी वेगाचा हट्ट धरला नाही. लांब, जड गोळी खोलवर जाते एवढ्यावर भरवसा ठेवला.

दोन समजुती इथेच बाजूला करतो, कारण भाच्याने दोन्ही विचारल्या. पहिली: नळी लांब तेवढा नेम पक्का. हे त्या काळातलं, जेव्हा नळीवरच्या लोखंडी साइटने नेम धरायचे. पुढच्या-मागच्या साइटमध्ये अंतर जास्त तेवढी चूक कमी. दुर्बीण लावली की हा मुद्दा संपतो. आखूड नळी तर ताठ असते, कमी थरथरते. दुसरी: आखूड नळीला झटपट जळणारी दारू लागते. बहुतेक वेळा तसं होत नाही. जी दारू लांब नळीत सर्वाधिक वेग देते तीच सहसा आखूड नळीतही देते. दारू पहिल्या काही इंचांतच जवळजवळ जळून जाते. तोंडाशी दिसणारा जाळ म्हणजे मुख्यतः तापलेले वायू, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळताच पुन्हा पेटलेले.

ब्लॅकआउटचा मोह

गुणोत्तर बारा म्हटल्यावर भाचा खूश झाला. "मग झालंच की, ब्लॅकआउट!"

गुणोत्तर एवढंच सांगतं की दारू वाया जाणार नाही. दारू मुळात किती आहे हा प्रश्न उरतोच. .३०० ब्लॅकआउटला काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता २०११ साली मिळाली. केस .२२३ या बारीक गोळीच्या काडतुसाच्या जातीचा, कापून आखूड केलेला, त्यावर .३०८ व्यासाची गोळी. नऊ-दहा इंची नळीतही ते आपलं बहुतेक काम उरकतं. पण ११० ग्रेनची गोळी २,३७५ फुटांनी सुटली तर तोंडाशी ऊर्जा साधारण १,३८० फूट-पाउंड, १०० यार्डांवर १,०७०, आणि २००वर ८२०. .३०८ची १५० ग्रेनची गोळी साडेसोळा इंची नळीतून २,६५०ने सुटली तर तोंडाशी २,३४०. ध्वनीपेक्षा कमी वेगाची, २२० ग्रेनची जी ब्लॅकआउट काडतुसं मिळतात त्यांची ऊर्जा तर तोंडाशीच ५००. आवाज खरोखर कमी, पण मोठ्या रानडुकरावर ती चालवणं मला क्रूर वाटतं.

मी अंतर विचारलं. भाचा म्हणाला, बहुतेक वेळा ८० यार्ड. पण मचाणीच्या एका खिडकीतून तारेच्या कुंपणापर्यंत मोकळी पट्टी आहे, ती १५० भरते. आणि हरिण दिसतं ते तिथेच. ८० यार्डांपुरतं मी ब्लॅकआउटला हो म्हटलं असतं. १५०वर नाही.

आणखी एक धोका होता आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. त्या सहकाऱ्याच्या गाडीत नेहमी .२२३ची एक रायफल असते. ब्लॅकआउटचं काडतूस काही गोळ्यांच्या बाबतीत .२२३च्या चेंबरमध्ये बसतं आणि बोल्ट बंद होतो. मग .३०८ व्यासाची गोळी .२२४च्या भोकात घुसायला जाते आणि रायफल फुटते. अंधारात, थंडीत, एकाच सीटवर दोन्हींची खोकी पडलेली असताना माणूस चुकतो. मी आर्मरर होतो. फुटलेली हत्यारं टेबलावर पाहिली आहेत, त्यामागचे हात दवाखान्यात पाहिले आहेत. जिथे .२२३ आहे तिथे ब्लॅकआउट नको, हे मी आग्रहाने सांगितलं.

.३५० लेजंडचा विचार पाच मिनिटं झाला. २०१९चं काडतूस, सरळ केस, जाड भोक, आखूड नळीसाठी उत्तम. पण त्याची खरी गरज अमेरिकेतल्या ज्या राज्यांत हरणासाठी सरळ केसाचीच काडतुसं चालतात तिथे. टेक्ससमध्ये तशी अट नाही. क्रीडमूर बारीक गोळीचं, लांबवर वारा कापत जाणारं काडतूस. त्याचा गुण ४०० यार्डांनंतर दिसतो आणि यांच्या कुंपणाला १५०वरच तार आहे.

मी हरलो तो वाद

उरली दोन: ७ एमएम-०८ आणि .३०८. दोन्हींचा केस एकाच घरातला, एक १९८०मध्ये दुकानात आलेला, दुसरा १९५२मध्ये. माझा कौल ७ एमएम-०८ला होता. कारण भाचेसून. अंगकाठी लहान, आणि रायफल ती चालवणार बरोबरीने. साडेसात पौंडांची रायफल धरून मी धक्क्याचा हिशोब केला: .३०० मॅग्नम २९ फूट-पाउंड, .३०८ साधारण १६, ७ एमएम-०८ साडेतेरा. अडीचचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण नवशिक्याचा डोळा घोडा ओढण्याआधी मिटायला लागतो तो याच फरकात. एकदा ही सवय लागली की मोडायला वर्ष जातं.

भाचेसुनेने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मामा, तिथून सगळ्यात जवळचं गाव २५ मैलांवर आहे. तिथल्या दुकानात मी स्वतः पाहिलंय, .३०८ची आठ-नऊ तऱ्हेची खोकी होती, ७ एमएम-०८चं एक, तेही धूळ खात. खोकं संपलं तर मी काय करू? आणि .३०८मध्ये १२५ ग्रेनची कमी धक्क्याची काडतुसं मिळतात, त्यांवर मी शिकेन. ७ एमएम-०८मध्ये मला शिकायला त्या दुकानात काय मिळणार?"

मी पुन्हा हिशोब केला. १२५ ग्रेनच्या त्या काडतुसाचा धक्का दहाच्या आसपास येत होता, माझ्या लाडक्या ७ एमएम-०८पेक्षाही कमी. शिवाय सप्रेसर लावला की वायूचा झोत अडतो, वजन पुढे वाढतं, धक्का आणखी मवाळ होतो. तिचं बरोबर होतं. मी आयुष्यभर काडतुसं सरकारी पेटीतून मोजून घेतली, ती दुकानात असतील की नसतील हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ठरलं: .३०८.

खोक्यावरचा आकडा

परत गेल्यावर दीड महिन्याने रायफल हातात आली. मी एकच गोष्ट लिहून दिली होती: खोक्यावर छापलेल्या वेगावर विसंबू नका. १५० ग्रेनच्या खोक्यावर २,८२० छापलेलं असतं. तो आकडा २४ इंची चाचणी-नळीतला आहे. .३०८ला इंचामागे २० ते २५ फूट सोडून द्यायचे, म्हणजे साडेसात इंचांचे दीडशे ते एकशे नव्वद. आणि स्वतःच्या नळीचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचा.

त्यांनी दहा राऊंड मोजले, सरासरी २,६४०. आमचा अंदाज होता २,६५०. वेगात सहा टक्के गेले, पण धोका कुठे सुरू होतो? साधी मऊ शिशाच्या तोंडाची गोळी नीट पसरायला साधारण १,८०० फुटांचा वेग लागतो. अशा वेगाने सुटलेली गोळी ३०० यार्डांवरही साडेअठराशेच्या आसपास असते. यांचं सर्वांत लांबचं अंतर त्याच्या निम्मं. १०० यार्डांवर दुर्बीण जुळवली की १५०वर गोळी दीड इंच खाली लागते. त्यासाठी दुर्बिणीला हात लावायची गरज नाही. दुर्बीण जुळवायची ती सप्रेसर लावूनच, हेही मी बजावलं होतं, कारण तो काढला-घातला की गोळी दुसरीकडे लागते. आणि सप्रेसर असला तरी कानांवर संरक्षण हवंच. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, सप्रेसर त्यातले २५ ते ३५ कमी करतो, आणि अशा आवाजाची धोक्याची रेघ १४० मानतात. आखूड नळीत उरलेला दाब जास्त, म्हणून मी या बाबतीत ऐकून घेत नाही.

भाचेसून १२५ ग्रेनवर शिकली. ८० राऊंडांनंतर १५० ग्रेनवर आली. हंगामात पहिलं हरिण तिनेच घेतलं, ११० यार्डांवर. ते तीस पावलं गेलं आणि बसलं.

जानेवारीतलं डुक्कर

आता ती चूक.

जानेवारीत भाचा एकटा मचाणीवर होता. १५० ग्रेनचं खोकं घरी विसरलं होतं. पिशवीत कागदावर नेम धरायची, १६८ ग्रेनची मॅच काडतुसं होती. रेंजवर त्यांनी छिद्रांचा सगळ्यात सुंदर गट दिला होता, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकेल इतका. त्याने तीच भरली. ९० यार्डांवर मोठा नर, बाजू दिलेली. नेम खांद्यामागे. गोळी लागल्याचा आवाज त्याने ऐकला. डुक्कर कोलमडलं, उठलं आणि मेस्कीटच्या रानात शिरलं.

मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. तेच काटे, तोच गचपणा. रात्री ११पर्यंत त्याने विजेरी घेऊन माग काढला. रक्त आधी थेंबाथेंबाने, मग नाहीच. सकाळी दहाला ४०० यार्डांवर, ओढ्याच्या काठाला ते मेलेलं सापडलं. माती जशी उकरली होती त्यावरून कळत होतं की रात्रीचा बराच वेळ ते जिवंत होतं. भाच्याने फोन केला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

मॅच गोळीच्या टोकाला भोक असतं, म्हणून ती शिकारीची पसरणारी गोळी असेल असं वाटतं. तसं नाही. गोळीचं तांब्याचं वेष्टण मागच्या बाजूने पुढे ओढून बंद करतात, त्यात टोकाला ते भोक उरतं. मागचा भाग अगदी सारखा निघावा म्हणून ही पद्धत. अंगात शिरल्यावर अशी गोळी कधी सुईसारखी आरपार जाते, कधी वरच्या थरातच फुटते. आधी सांगता येत नाही. त्यात नर डुकराच्या खांद्यावर कातडीची चिवट, जाड ढाल असते, आणि हरणाच्या मानाने त्याचं हृदय आणखी खाली, आणखी पुढे असतं. भाच्याने नेम धरला तो हरणाचा. गोळी हृदयाच्या मागून फुप्फुसाच्या टोकातून आरपार गेली होती.

केसावर मी दोन आठवडे बोललो, भोकावर बोललो, नळीच्या प्रत्येक इंचावर बोललो. गोळीच्या जातीवर बोललो एकच वाक्य: "शिकारीची गोळी घ्या." ती कोणती आणि दुसरी का नाही, हे मला इतकं उघड वाटत होतं की मी उलगडून सांगितलंच नाही. डुकराचं हृदय कुठे असतं तेही मी सांगितलं नाही. काडतूस निवडणं म्हणजे पितळ निवडणं, अशी माझीच समजूत होती. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं की हत्यार दिसतं, पुढचं जनावर दिसत नाही.

त्यानंतर फोनवरच आम्ही नियम ठरवले. डुकरासाठी १५० ग्रेनची, वेष्टण शिशाला जोडलेली गोळी, जी ढालीतून जाताना तुटत नाही. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. झुडपातून गोळी नाही; कुठलंही जाड काडतूस काटक्यांतून सरळ जात नाही, हे भाच्याने त्या सकाळी मेस्कीटमध्ये उभं राहून मान्य केलं. आणि खोकं विसरलं तर त्या दिवशी फक्त बघायचं.

परवा भाचेसुनेने दोन खोक्यांचा फोटो पाठवला. शिकारीच्या खोक्यावरचा २,८२० तिने पेनाने खोडला आहे आणि शेजारी २,६४० लिहिलं आहे. मॅचच्या खोक्यावर लाल शाईत, तिच्या गोल अक्षरात, देवनागरीत लिहिलंय: फक्त कागदासाठी. ते खोकं आता मचाणीच्या पिशवीत जात नाही, रेंजच्या कपाटात कुलपात असतं.